लुआरचे शातो: मे महिन्यात तीन रात्री, पाच माणसं आणि एक दुखरा गुडघा

टेकडीवरची

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या मध्यात आम्ही पॅरिसला जातोय, धाकटा दीर असतो तिथे, त्याच्याकडेच मुक्काम. त्यातल्या तीन रात्री काढून लुआर नदीच्या खोऱ्यातले शातो (तिकडचे जुने राजवाडे-किल्ले) बघायचे असं घरात ठरलंय (म्हणजे मी ठरवलंय, बाकीच्यांनी मान डोलावली). माणसं पाच. मी, नवरा, लेक वय ९, आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). साबुंनी तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेत, आता उजवा गुडघा संपावर आहे पण ते कबूल करत नाहीत. साबा शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं, ताटात दिसलेलं चालत नाही. लेकाला टिनटिनचं वेड आहे, बाकी जगाशी त्याचं देणंघेणं नाही.

नेटवर बघून बघून असा प्लॅन केलाय: पहिल्या दिवशी ब्लुआ, शांबोर, शव्हर्नी. दुसऱ्या दिवशी शनॉन्सो, आंब्वाज, क्लो ल्युसे. तिसऱ्या दिवशी विलांद्री, आझे-ल-रिदो, उस्से आणि वेळ उरला तर शिनों. चौथ्या दिवशी परत पॅरिस. गाडी घ्यावी का? मुक्काम तूरला का आंब्वाजला? आणि साबांनी खायचं काय? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. उच्चार चुकले असतील तर सांभाळून घ्या.

तूरडाळ

ताई, मी तूरमध्येच राहतो म्हणून हक्काने सांगतो, हा प्लॅन फाडा. दिवसाला तीन शातो म्हणजे तीन पार्किंग, तीन रांगा, तीन तिकिटं आणि दुपारी चारला सगळे पलंग, सगळे पडदे, सगळ्या फायरप्लेस डोक्यात एक होतात. संध्याकाळी लेकाला विचारा नदीवरचा कुठला होता, तो आईस्क्रीमचा फ्लेवर सांगेल. आमच्याकडे भारतातून पाहुणे येतात त्यांना माझा एकच नियम आहे, सकाळी एक मोठा, दुपारी जमलंच तर एक छोटा, आणि मध्ये दोन तास काहीही नाही. नदीकाठी बसायचं. मे मध्ये इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे दिवस भरपूर मोठा मिळतो.

मुक्काम आंब्वाजला करा. तूर मोठं गाव आहे, हॉटेलं-दुकानं-ट्रेन सगळं आहे, पण तुम्हाला तीनच रात्री आहेत तर संध्याकाळी चालत नदीवर जाता येईल असं गाव बरं. आंब्वाज तूर आणि ब्लुआच्या मध्ये आहे आणि शनॉन्सो तिथून पंधराएक किलोमीटरच्या आत.

झुकझुकगाडी

+१ आंब्वाजला. पॅरिसहून दोन रस्ते आहेत ते नीट समजून घ्या. मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे तिकडची वेगवान ट्रेन, घेतली तर तासाभरात सें-पिएर-दे-कोर, हे तूरच्या शेजारचं स्टेशन, तिथून पुढे लोकल. किंवा ओस्तरलित्झ स्टेशनवरून साधी गाडी, ती ब्लुआ, आंब्वाज करत येते, वेळ जास्त लागतो पण बऱ्याचदा गाडी बदलावी लागत नाही आणि तिकीट सहसा स्वस्त पडतं. टीजीव्हीचं तिकीट विमानासारखं, जितकं उशिरा काढाल तितकं महाग. पाच जणांचं आहे तर आत्ताच बघा. आणि ज्यांना पॅरिस शहरात जायचंच नाहीये त्यांच्यासाठी, शार्ल द गोल विमानतळाच्या पोटातच टीजीव्हीचं स्टेशन आहे, तिथून सें-पिएर-दे-कोरला थेट गाड्या आहेत.

शनॉन्सोला तूरहून ट्रेन जाते, साधारण अर्धा तास, आणि स्टेशन शातोच्या दाराशीच आहे. गाड्या मात्र दिवसात मोजक्या, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

आंब्वाजचं स्टेशन नदीच्या पलीकडे आहे हं, गावात यायला पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. साबुंच्या गुडघ्यासाठी टॅक्सी सांगून ठेवा.

पाचवा गिअर

ट्रेनवाल्यांचा आदर राखून सांगतो, पाच माणसं, त्यात दोन सीनियर आणि एक पोर, तर गाडीच घ्या. शांबोरला रेल्वे नाही, शव्हर्नीला नाही, विलांद्रीला नाही. सीझनमध्ये ब्लुआ स्टेशनवरून शांबोर-शव्हर्नी बस असते पण तिच्या वेळेला तुम्ही बांधले जाता. गाडी सें-पिएर-दे-कोर स्टेशनवरच मिळते, पॅरिसमधून घेऊ नका, पॅरिसमधून बाहेर पडतानाच नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं.

इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं सांगा, तिथे अजूनही मॅन्युअल भरपूर. गाडी उजवीकडून चालवायची हे सगळे सांगतात, पण खरी गोची वेगळी आहे: गावाच्या आतल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बारक्या गल्लीतून का येत असेना. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८० ची मर्यादा, हायवेला १३० आणि पाऊस पडत असेल तर ११०. कॅमेरे आहेत, दंड भाड्याच्या गाडीवाल्यामार्फत घरी येतो, वर त्याची फी वेगळी. पंपावर गाझोल लिहिलंय ते डिझेल, पेट्रोल समजून भरू नका.

आणि डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आमच्या ओळखीत एकाला काउंटरवरून परत पाठवलं, कंपनीचं नाव घेत नाही, गाडी बुक केलेली आणि पैसे भरलेले असूनही.

कोरडा शेरा

राजगड, तोरणा बघितलेल्या माणसाला हे असले किल्ले दाखवायला नेताय? ना तटबंदी, ना बालेकिल्ला, ना चिलखती बुरूज. श्रीमंतांचे बंगले आहेत नुसते. साबुंना विचारा आधी.

इतिहासवेडा

कोरडा शेरा, अर्धं खरं बोललात. शांबोर, शनॉन्सो, आझे हे लढायला बांधलेलेच नाहीत. इंग्रजांशी शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपलं, त्यानंतर या खोऱ्यात राजा आणि त्याचे खजिनदार-सरदार निवांत झाले, इटलीच्या मोहिमांवरून येताना तिकडची हौस घेऊन आले आणि त्यातून हे मोठ्या खिडक्यांचे महाल उभे राहिले. बुरूज ठेवले ते रुबाबासाठी. पण लढाऊ किल्ला बघायचाच असेल तर तोही आहे की! शिनों बघा, डोंगराच्या धारेवर लांबलचक, जोन ऑफ आर्क १४२९ मध्ये सातव्या शार्लला भेटली ती तिथे, आणि त्याच्याही आधी ११८९ मध्ये इंग्लंडचा दुसरा हेन्री तिथेच वारला. लोशचा चौकोनी बालेकिल्ला अकराव्या शतकातला आहे, ३६ मीटर उंच. आंजेच्या तटाला १७ गोल बुरूज आहेत, काळ्या पाटीच्या दगडाचे, मध्ये पांढरे पट्टे, तो बघितला की साबु खूश होतील. पण तो बराच पश्चिमेला, तीन रात्रींत कोंबू नका.

आपल्या बारा किल्ल्यांची नावं २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेली ती सभाही पॅरिसलाच झाली होती, लुआरचं खोरं त्या यादीत २००० पासून आहे. साबुंना एवढं सांगा, ते तयार होतील.

टेकडीवरची, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या प्रतिसादात देतो, मोठं आहे.

भडंगवाली

मी खाण्यावर लिहिते, बाकी लोक आहेत शातो सांगायला.

पहिली गोष्ट वेळ. गावातली रेस्टॉरंट साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर, मधल्या वेळात किचन बंद. दुपारी तीनला शातो बघून भूक लागली म्हणून गेलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरंच काही बंद असतं. त्यामुळे सकाळीच बेकरीतून पाव, चीज, फळं, टोमॅटो घेऊन ठेवायचं.

शाकाहारी म्हणून सांगितलं तरी सॅलडमध्ये लार्दों येतात, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारके तुकडे, कीश नावाच्या खाऱ्या पायमध्येही असतात. म्हणून "सां व्हिआंद, सां प्वासों, सां लार्दों" (मांस नको, मासे नको, लार्दों नको) एवढं पाठ करा. काळ्या गव्हाचे, म्हणजे आपल्या कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरड्यासारखे गालेत मिळतात, चीज-मशरूम घालून, त्यावर अंडं फोडून देतात बरेचदा, तेवढं नको म्हणून सांगायचं. साबांना ते चालतील. सोम्युरच्या बाजूला डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये फुए खायला घालतात, भट्टीतून फुगून आलेला छोटा पाव, तो फोडून आत राजमासारखे पांढऱ्या घेवड्याचे दाणे भरतात. मशरूमही भरतात. रियेत म्हणाले तर नको म्हणा, ते डुकराचं.

इथलं नावाजलेलं चीज म्हणजे सेंत-मोर, बकरीच्या दुधाचं, लांब दंडगोल आणि त्याच्या पोटातून आरपार गवताची काडी. मस्त लागतं. पण जनावराच्या आतड्यातलं रेनेट वापरलेलं असतं, साबा त्याबाबतीत कडक असतील तर आधी सांगा, खाल्ल्यावर सांगू नका.

घरून काय न्यायचं: भडंग, मेतकूट, चटण्या, खाकरा, थालीपीठाची भाजणी. काय न्यायचं नाही: तूप, पेढे, बर्फी, चक्का. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. आणि मे आहे म्हणून दिरासाठी हापूस न्यावा असं साबांच्या मनात येणारच, तर तोही नाही, सर्टिफिकेटशिवाय फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं चालतात.

टेकडीवरची

भडंगवाली, अगं हापूस आधीच ठरलाय दोन डझन! आता हे साबांना कोण सांगणार. नवऱ्याला सांगते सांगायला.

बाकी सगळ्यांचे आभार. गाडी घ्यायचं ठरतंय. पण मग नेमके कुठले बघू? दिवसाला एक मोठा म्हटलं तर फार कमी होतात हो.

इतिहासवेडा

कमी होत नाहीत. शांबोर आणि शनॉन्सो हे दोन नीट बघितले तर बाकीचे बघायची नजर मिळते, आणि हे दोन एकमेकांच्या अगदी उलटे आहेत.

शांबोर हे पहिल्या फ्रान्स्वाचं. १५१९ ला काम सुरू, तेव्हा राजा पंचविशीचा होता, शिकारीसाठी घर पाहिजे होतं म्हणे. चारशेच्या वर खोल्या, २८२ फायरप्लेस, भोवती ३२ किलोमीटरची भिंत. मधेच १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत राजा स्वतःच कैद झाला, काम थांबलं, सुटून आल्यावर परत सुरू. आणि एवढं करून आयुष्यात तो तिथे राहिला किती, तर सगळे मुक्काम मिळून जेमतेम काही आठवडे. दरबार यायचा तेव्हा फर्निचर, गालिचे, भांडी सगळं सोबत यायचं आणि जाताना परत जायचं. म्हणून आत गेल्यावर खोल्या रिकाम्या वाटतात, लोक नाक मुरडतात की काहीच नाही आत. पण त्या रिकामपणातच तो जिना दिसतो. दोन जिने एकाच पोकळ खांबाभोवती एकमेकांत गुंफलेत, एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा खिडक्यांतून एकमेकांना बघतात पण भेटत नाहीत. लेकाला एकातून पाठवा, नवऱ्याला दुसऱ्यातून, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

हा जिना लिओनार्दो दा विंचीने बांधला असं गाइड ठोकून देतात. तो राजाच्या बोलावण्यावरून १५१६ मध्ये आंब्वाजला आला हे खरं, पण २ मे १५१९ ला वारला आणि बांधकाम त्याच वर्षी सप्टेंबरात सुरू झालं. त्याच्या वह्यांमध्ये गुंफलेल्या जिन्यांची चित्रं आहेत, राजाशी बोलणं झालेलं असणार, कल्पना त्याची असू शकते. लाकडी मॉडेल केलं होतं ते दोमेनिको दा कोर्तोनाने. यापुढे कोणी काही ठामपणे सांगितलं तर हसून मान हलवा.

अजून एक, १९३९ मध्ये युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर लूव्रमधली चित्रं पेट्यांत भरून हलवली ती पहिल्यांदा इथे आणली, मोनालिसासकट. म्हणजे पॅरिसमध्ये जिच्यासाठी रांग लावाल ती बाई इथे राहून गेलीय.

शनॉन्सो मात्र बायकांचं. १५१३ नंतर कातरिन ब्रिसोने या खजिनदाराच्या बायकोने उभं करून घेतलं, नवरा लढाईवर होता. पुढे ते राजाकडे गेलं, राजा दुसऱ्या आंरीने १५४७ मध्ये ते आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातिएला दिलं. ती त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी, आणि राणी कातरिन द मेदिची हे सगळं बघत होती. दियानने नदीवर पूल बांधला. १५५९ मध्ये राजा द्वंद्वाच्या खेळात डोळ्यात भाल्याची चीप घुसून मेला, राणीने दियानला शनॉन्सो सोडायला लावलं, बदल्यात शोमोंचा शातो दिला, आणि तिच्याच पुलावर साठ मीटर लांबीची दोन मजली गॅलरी चढवली. काय सूड आहे! पाडला नाही, त्यावर नाचायला हॉल बांधला. दोघींच्या बागा आजही समोरासमोर आहेत.

त्याच गॅलरीत पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. आणि दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच जर्मनव्याप्त आणि मुक्त फ्रान्समधली सीमा, म्हणजे पुढचं दार जर्मनांकडे आणि गॅलरीचं मागचं दार मुक्त भागात. लोक त्यातून निसटले.

साबुंसाठी: गॅलरी, दियानची खोली, प्रार्थनाघर हे सगळं खालच्याच मजल्यावर. स्वयंपाकघर पुलाच्या खांबांच्या पोटात आहे, तिथे उतरावं लागतं. पण तांब्याची भांडी साबांना आवडतील, त्यांना पाठवा.

शेवंती

इतिहासवेडा, असं वाचलं की परत जावंसं वाटतं. वाचनखूण साठवली.

मी बागांच्या बाजूने बोलणार. विलांद्री सोडू नका गं. आत शातोत नाही गेलात तरी चालेल, नुसत्या बागेचं तिकीट मिळतं. भाजीची बाग आहे नऊ चौकोनांची, कोबी, बीट, लेट्यूस, मुळा यांची रांगोळी घातल्यासारखी. वर्षात दोनदा लावतात, एक वसंतात आणि एक उन्हाळ्यात, तुम्ही मे मध्ये जाल तर वसंताची लावणी भरात असेल. ही सगळी जुन्या काळची वाटते पण १९०६ मध्ये होआकिम कार्व्हालो नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने शातो विकत घेऊन जुन्या नकाशांवरून परत घडवली, अजून त्याच घराण्याकडे आहे. वाटा सपाट, बाकडी जागोजागी, गुडघावाल्यांना याच्यासारखी जागा नाही. वरून बघायचं असेल तर गच्चीवर जावं लागतं तेवढंच.

साबांना भाज्यांची आवड असेल तर तासभर तिथून हलणार नाहीत. माझ्या आईने एका माळ्याला अडवून चार्डची पानं कशी करतात ते खुणांनी विचारलं होतं.

पाचवा गिअर

विलांद्री छान आहे पण आंब्वाजवरून तूर ओलांडून पलीकडे जावं लागतं, शांबोर एकदम उलट्या दिशेला. एका दिवसात दोन्ही नको.

कोरडा शेरा

पॅरिसमध्ये राहताय ना, मग एवढे लांब कशाला? व्हो-ल-व्हिकोंत पॅरिसजवळ आहे, मलंपर्यंत लोकल आणि पुढे टॅक्सी. एका दिवसात घरी. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री फुके, त्याने १७ ऑगस्ट १६६१ ला राजाला जेवायला बोलावलं, थाट इतका केला की राजाचं डोकं फिरलं, तीन आठवड्यांत मंत्री आत, जन्मभर तुरुंगात. मग त्याचाच आर्किटेक्ट, चित्रकार आणि माळी उचलून राजाने व्हर्सायला कामाला लावले. ही खरी गोष्ट. साहेबापेक्षा मोठी पार्टी देऊ नये.

इतिहासवेडा

मगाशी बंगले म्हणत होतात आणि आता त्यातलाच सगळ्यात श्रीमंत बंगला सुचवताय :D पण सूचना चांगली आहे. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी व्हो किंवा फोंतेनब्लो करावं, लुआरला एका दिवसात जाऊन यायची बस टूर घेऊ नये, दिवसाचे पाच-सहा तास बसमध्येच जातात.

टेकडीवरची

तुम्ही सगळे इतकं छान सांगताय की प्लॅन उलट वाढतोय! लेकाने धागा वाचला (हो, मीच वाचून दाखवला) आणि त्याचं म्हणणं टिनटिनचं घर कुठे गेलं?

तूरडाळ

लेकाला सांगा शव्हर्नी पक्कं. टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकचा महाल चित्रकार एर्जेने शव्हर्नीवरूनच काढलाय, दोन्ही बाजूचे शेवटचे भाग काढून टाकले की तोच. आवारात टिनटिनचं कायमचं प्रदर्शनही आहे. आणि दुसरं आकर्षण, शिकारी कुत्र्यांचा तांडा, शंभराच्या आसपास कुत्री, त्यांना खायला घालताना बघता येतं, वेळ तिथल्या साइटवर बघा. वास येतो, आवाज येतो, मुलं वेडी होतात. शव्हर्नीत मालकांचं घराणं अजून राहतं, त्यामुळे आत फर्निचर, पडदे, जेवणाचं टेबल सगळं जागच्या जागी. सकाळी रिकामं शांबोर आणि दुपारी भरलेलं शव्हर्नी ही जोडी मला फार आवडते, अंतर सतराएक किलोमीटर, मध्ये जंगल.

शांबोरला दार उघडायच्या वेळेला पोचा. अकरानंतर बसेस येतात. २०२६ पासून युरोपबाहेरून आलेल्यांना तिथे तिकीट जास्त आहे, १८ च्या खालच्यांना फुकट, म्हणजे लेक फुकट. साबुंना तळमजला आणि समोरची बाग करू दे. गच्चीवर जायचा त्यांचा हट्ट असेलच, तर तेवढा एकच जिना त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि दुपारी शव्हर्नीत फक्त खालचा मजला.

आता माझा प्लॅन घ्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आंब्वाज, सामान टाका, क्लो ल्युसे बघा, लिओनार्दोचं शेवटचं घर, बागेत त्याच्या यंत्रांची मोठाली मॉडेलं आहेत, लेक फिरवत बसेल. आंब्वाजचा राजवाडा बाहेरून, किंवा साबुंना सोडून तुम्ही दोघं. लिओनार्दोची कबर तिथल्या चॅपेलमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी शनॉन्सो सकाळी, दुपार मोकळी. तिसऱ्या दिवशी शांबोर-शव्हर्नी. चौथ्या दिवशी विलांद्री करून सें-पिएर-दे-कोरला गाडी परत, टीजीव्ही. आझे, उस्से, शिनों पुढच्या वेळी.

झुकझुकगाडी

चौथ्या दिवशी ब्लुआ का नको? गाडी आदल्या संध्याकाळी परत करा, सकाळी आंब्वाजहून ट्रेनने ब्लुआ, वीस मिनिटं. शातो स्टेशनपासून चालत. चार बाजूंना चार काळातली बांधणी, अंगणात उभं राहिलं की सगळं एकदम दिसतं. १५८८ च्या डिसेंबरात राजा तिसऱ्या आंरीने ग्वीजच्या ड्यूकला बोलावून आपल्या रक्षकांकडून खोलीतच मारवलं ते इथे, आणि त्याची आई, तीच कातरिन द मेदिची, थोड्याच दिवसांत इथेच वारली. तिच्या खोलीत २३७ कोरीव फळ्या आहेत, काहींच्या मागे चोरकप्पे, पायाखालची कळ दाबली की उघडतात. विष ठेवायची म्हणे, बहुधा कागदपत्रं आणि दागिने असावेत. समोरच जादूचं म्युझियम आहे, रॉबेर-उदां इथलाच, त्याच्या नावावरून हुदिनीने नाव घेतलं. तिथल्या खिडक्यांतून ठरलेल्या वेळी सोनेरी ड्रॅगनची डोकी बाहेर येतात. मग ब्लुआहून थेट ओस्तरलित्झ.

शेवंती

म्हणजे विलांद्री कट? निषेध.

तूरडाळ

शेवंतीताई, मग दुसऱ्या दिवशी दुपारी विलांद्री घाला, मी दिलेली मोकळी दुपार खाल्ली जाईल तेवढीच. शनॉन्सोहून तासाभराच्या आसपास रस्ता. संध्याकाळची बाग रिकामी असते. पण मग साबु गाडीतच झोपतील.

टेकडीवरची

घरात मतदान झालं. लेक आणि नवरा ब्लुआ, साबा विलांद्री, साबु म्हणाले मला शिनों बघायचाय. शिनों! ते जोन ऑफ आर्कचं वाचून दाखवल्यापासून हटून बसलेत. गुडघा काय म्हणतो विचारलं तर गुडघा बरा आहे म्हणाले.

इतिहासवेडा

शिनोंला आता खालच्या गावातून वर जायला फुकट लिफ्ट आहे, गावातून थेट किल्ल्याच्या बाजूला. वर सपाट आहे, बुरुजांत चढायचं की नाही ते त्यांच्यावर. विलांद्रीहून पुढे तसा फार लांब नाही. म्हणजे चौथा दिवस विलांद्री आणि शिनों, रात्रीची उशिराची टीजीव्ही सें-पिएर-दे-कोरहून, ब्लुआ रद्द. सासरे खूश, सासूबाई खूश.

झुकझुकगाडी

ब्लुआवाल्यांनी काय घोडं मारलंय?

टेकडीवरची

ब्लुआ रद्द नाही हो, नवरा म्हणतो शांबोरहून येताना संध्याकाळी अंगणात लाइट अँड साउंडचा शो असतो तो बघू, ड्रॅगन बाहेरूनच. मे मध्ये शो उशिरा सुरू होणार, लेक जागला तर. आंब्वाजला गावातलं घर बुक केलं, खाली किचन आहे, जिना नाही. मोठ्या बॅगा दिराकडे ठेवून फक्त सॅक घेऊन निघायचं. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

भडंगवाली

किचन मिळालं हे बेस्ट. रविवार धरून असाल तर आंब्वाजला नदीकाठी मोठा बाजार भरतो सकाळी, भाजी तिथेच घ्या, शतावरीचा सीझन असेल. आणि व्हिसासाठी प्रवास विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोचं लागतं, साबा-साबुंचा विमा वयामुळे वेगळा काढावा लागेल, जुने आजार कव्हर आहेत का ते वाचून घ्या. हापूसचं काय झालं?

टेकडीवरची

हापूसवर अजून चर्चा चालू आहे. आमरस आटवून साठं करून नेता येईल का असं साबा विचारतायत.

नवी मेंबर रमा

धागा वर काढतेय, सॉरी. आम्ही डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत जातोय, दोन रात्री, हाच प्लॅन चालेल का?

तूरडाळ

नाही. पाचच्या सुमारास अंधार होतो, शातो लवकर बंद होतात, विलांद्रीत बघण्यासारखं फार नसतं. पण शनॉन्सो, आंब्वाज, शांबोर यांसारखे बरेच शातो नाताळची सजावट करतात आणि फायरप्लेस पेटवलेल्या असतात. शांबोर २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. शांबोर ब्लुआहून, शनॉन्सो तूरहून, दिवसाला एकच. गाडी घेणार असाल तर सकाळी धुकं असतं, सावकाश चालवा. बाकी लागलं तर माझ्या विचारपुशीत (विपूत) विचारा.